दारातून जाणारा नट

रविवारी सकाळी स्टुडिओने हॉलिस ड्रेकला आमच्याकडे उसना पाठवला. जुन्या अमेरिकन सिनेमात तशी पद्धतच होती. नट स्टुडिओच्या मालकीचा, आणि शेजारणीला किसणी द्यावी तसा तो दुसऱ्या स्टुडिओला वापरायला द्यायचे. हॉलिस ड्रेक पूर्ण कृष्णधवल होता. आईने पोह्यांची बशी पुढे केली, तर त्याने हातात घेताच हळद राखाडी झाली.

"बसा," आई म्हणाली. "लांबचा प्रवास झाला."

त्याला आईनेच मागवला होता. कसा, ते मी विचारलं नाही. ब्याऐंशीव्या वर्षीही तिने एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेवाचं ऐकत नाही.

दारातून बाहेर पडावं तर हॉलिस ड्रेकनेच. कधी शेरीफ, कधी वैमानिक, कधी जहाजाचा कप्तान, पण प्रत्येक सिनेमात तो पहिल्या अर्ध्या तासात टोपी घालून बाहेर पडायचा आणि पुन्हा दिसायचा नाही. पाठमोरा असताना एक खांदा असा पाडायचा की थिएटर मुसमुसायचं. पुढे ती सवयच लागली. तीन बायकांच्या घरांतून तो तसाच बाहेर पडला. त्याआधी कॅन्ससमधल्या आईच्या घरातूनही.

बाबा त्याचे भक्त होते. मिरजेला रविवारी सकाळी इंग्रजी खेळ लागायचा. एका रविवारी उशीर झाला म्हणून चपला अडकवता अडकवता ते म्हणाले, "जातो गं." आपल्याकडे असं म्हणत नाहीत, येतो म्हणतात. आईच्या काळजात चर्र झालं, पण निघालेल्या माणसाला मागून हाकही मारायची नसते, म्हणून ती गप्प राहिली. बाबा परत आले नाहीत. सहा महिन्यांनी मी जन्मले.

"तेवढा एक शॉट पुन्हा घ्यायचाय," आई त्याला म्हणाली आणि तिने बाबांच्या चपला त्याच्यापुढे ठेवल्या. साठ वर्षं त्या चपला आमच्या घरात नव्हत्या.

हॉलिसने चपला घातल्या, खांदा पाडला आणि म्हणाला, "जातो गं." त्याचे ओठ इंग्रजीत हलत आणि आवाज मराठीत येई.

"येतो म्हणा. पुन्हा."

तो पुन्हा जातो म्हणाला. तिसऱ्यांदाही तेच. दरम्यान कॅमेऱ्याला जागा हवी म्हणून रस्त्याकडची भिंत गेली, मग माझी खोली गेली. आईच्या केसांत काळं दिसू लागलं. माझ्या बांगड्या हातातून गळून पडल्या, तेव्हा लक्षात आलं की मी लहान होतेय.

"रीटेक पसंत पडला की जुना शॉट कापून टाकतात," हॉलिस मला हळूच म्हणाला. "त्याच्या पुढचं सगळंही."

"पुढचं म्हणजे मीच की."

त्याने टोपी काढली. बरा माणूस होता.

मला भीती वाटली, आणि आईचा रागही आला. मी साठ वर्षं हिच्याजवळ होते. हिचं पथ्यपाणी केलं, शाळेत पोरींना खंड आणि महासागर शिकवून घर चालवलं, आणि ही दाराकडेच बघत राहिली. मी तसं म्हणालेही. माझा आवाज बारीक झाला होता, चिमणीएवढा.

"तुला कुठे जायचंय वेडे," आई म्हणाली. "तू इथंच असणारेस." तिने पोटावर हात ठेवला. ती बावीस वर्षांची झाली होती. तिला इतकी सुंदर मी फोटोतही पाहिली नव्हती.

हॉलिस दारात अडून उभा होता. त्याला घाम फुटला होता, तोही राखाडी. "येतो म्हटलं की यावं लागतं," तो म्हणाला. "मी कधी आलेलो नाही. कुठेच."

आईचे डोळे भरून आले. आता ती "पुन्हा" असं म्हणणार नाही, हे मला कळलं. मी रांगत उंबऱ्यापाशी गेले आणि त्याचा पायघोळ कोट ओढला.

"येतो म्हणा," मी म्हणाले. "सोपं असतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग टोपी चढवली आणि दोन्ही खांदे सरळ ठेवून म्हणाला, "येतो गं."

"या," आई म्हणाली.

दार लागलं आणि थिएटरात होतो तसा अंधार झाला. ऊब होती. आईचा श्वास आता चारी बाजूंनी ऐकू येत होता. ती भांडी घासत होती, मध्येच थांबून कानोसा घेत होती.

सिनेमा सुटायच्या वेळेला जिन्यावर चपला वाजल्या. चपला त्याच होत्या. पण बाबांची चाल मी कधी ऐकलेली नव्हती, त्यामुळे कोण येतंय ते मला सांगता येईना.

कडी वाजली. आई उठली. तिच्याबरोबर मीही उठले.