चुन्याच्या डबीला एचआयव्ही

आमच्या गावात ग्रामसभेला कोरम भरत नाही, पण कायापालट महाराज आले त्या सकाळी मारुतीच्या पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. अंजनगाव सुर्जीहून खास भोंगा आणला होता आणि महाराज त्यातून गरजत होते, "एचआयव्ही म्हणजे काय? एच म्हणजे हवा, आय म्हणजे आग, व्ही म्हणजे वारा! या तिघांचं अंगात भांडण लागलं, की झाली बिमारी!"

लोकांनी माना डोलावल्या. हवा आणि वारा वेगळे कसे, हे कोणी विचारलं नाही. मी विचारलं. मागून आवाज आला, "मॅडम, तुमी शाळेत शिकवा. इथं आयका!"

मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते आणि गुपचूप ऐकून घ्यायची मला सवय नाही.

महाराजांचा चमत्कार असा: चेल्याने पोराच्या तळहाताला 'तीर्थ' लावायचं, पोराने तो हात एका पिवळ्या कागदावर दाबायचा, की कागदावर लालभडक पंजा उमटायचा. बाया "अवं माय!" करायच्या. मग महाराज मंत्र पुटपुटत पंजावर 'विभूतीचं पाणी' टाकायचे आणि लाल पुन्हा पिवळं व्हायचं. गावातलं एकेक धडधाकट पोरगं असं क्षणात आजारी पडून क्षणात बरं होत होतं.

मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण रांगेत मनकर्णा उभी होती, कडेवर तीन वर्षांची आकांक्षा. या पोरीमुळेच महाराजांना आमचं गाव सापडलं होतं. गेल्या आठवड्यात आरोग्य शिबिरात लहान मुलांची एचआयव्हीची तपासणी झाली आणि आकांक्षाच्या पट्टीवर नको ती रेघ उमटली. शिबिरातल्या डॉक्टर प्रणालीने मायलेकींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ही पहिली चाळणी आहे. एवढ्यावरून रोग आहे असं ठरत नाही. मंगळवारी अमरावतीला आणा, वेगळ्या चाचण्या करू, मग पक्कं कळेल." मनकर्णाची स्वतःची तपासणी गरोदरपणीही स्वच्छ होती आणि शिबिरातही.

गोष्ट खरं तर आई आणि डॉक्टर यांच्यातच राहायची. पण तंबूच्या कापडालाही कान असतात. दुसऱ्याच दिवशी अंगणवाडीत आकांक्षाची खिचडी वेगळ्या कोपऱ्यात गेली आणि तिच्याजवळ कोणी पोर बसेना. एवढ्याशा लेकराला वाळीत टाकणाऱ्या माझ्या गावाचा मला भयंकर राग आला होता, अजूनही आहे.

आकांक्षाचा पंजा लाल उमटला, मग पिवळा झाला. "बेटी बच गई!" महाराज ओरडले. "आता हिच्या अंगाले सुई लागू देऊ नका. रक्त काढलं की बिमारी वापस!"

"नाई लागू देत, महाराज," आजोबा महादेवरावांनी हात जोडले. "मंगळवारचं अमरावती रद्द!"

पोरीला खरंच लागण असेल तर तिला औषध लगेच मिळायला हवं. नसेल तर गावाने मारलेला शिक्का पुसला जायला हवा. दोन्हींसाठी मंगळवारची तपासणी हवी होती, आणि महाराजांनी नेमकी तीच पळवली.

इतक्यात सरपंच शेषराव छाती काढून पुढे आले. "पाहा लेकहो, निर्मळ मानसाचा हात कसा असते!" चेला तीर्थ घेऊन धावेपर्यंत त्यांनी दोन्ही हात कागदावर दाबलेसुद्धा. उजवा अंगठा लाल, आणि डाव्या तळव्याच्या मधोमध हा एवढा लाल गोळा!

"काहो!" त्यांच्या पत्नी वच्छलाबाईंचा आवाज भोंग्याच्या वर गेला. "टरेनिंगच्या नावानं नागपूरले गेलते, ते कोठी गेलते?"

"अवं, देवाशप्पथ, टरेनिंगलेच..."

पानठेल्यावाला ओमप्रकाश बघायला आला, त्याची दहाही बोटं कागदावर लाल. गाव सोडून कधी कुठे न गेलेले म्हातारे रामराव, तेही लाल. महाराजांना तर उकळ्याच फुटल्या. "पूरा गाव बाधित! सगळ्याइले विभूती घ्या लागन!"

मी मात्र हात बघत होते. शेषरावांच्या तळव्याला मळलेल्या तंबाखूचा चुरा अजून चिकटलेला होता, रामरावांच्याही. त्यांच्या खिशातली चुन्याची डबी मी सरळ उपसली आणि नखभर चुना कोऱ्या पिवळ्या कागदावर ओढला. लालभडक रेघ!

"महाराज," मी म्हटलं, "डबीलेच एचआयव्ही झाला. द्या विभूती."

आधी रामराव हसले, मग सगळा पार. हसू ओसरायच्या आत मी महाराजांपुढच्या लिंबांच्या ढिगातलं एक लिंबू कापून त्या रेघेवर पिळलं. लाल गेलं, पिवळं आलं. कागद हळदीचा, तीर्थ म्हणजे चुन्याची निवळी, विभूतीचं पाणी म्हणजे लिंबाचा रस. हळदीला चुना लागला की ती लाल होते आणि आंबट पडलं की पुन्हा पिवळी. यात ना मंत्र, ना बिमारी.

"माताजी, चुन्यात बी देव असते," महाराज जीपकडे सरकत म्हणाले.

"असते ना!" वच्छलाबाई कडाडल्या. "तोच त लावून राहिले तुमी आमाले!"

महाराज गेले. मनकर्णा मात्र जागची हलली नव्हती. "मॅडम, मंग शिबिरातली रेघ बी अशीच खोटी का?"

प्रश्न लाखाचा होता. खोटा धीर देणं सोपं होतं, पण मग माझ्यात आणि महाराजांत फरक काय? "खोटी नाही, अर्धवट आहे," मी म्हटलं. "तूर चाळताना चाळणीवर काय उरतं?"

"खडे. आन् जाडे दाणे बी."

"मग सगळं फेकून देतेस?"

"नाई बाप्पा! सुपात घेतो, निवडतो."

"अमरावती म्हणजे ते सूप. ज्या पोत्यात खडे मुळातच कमी, त्याच्या चाळणीवर जाडे दाणेच जास्त सापडतात. आपल्याकडे हा आजार लहान मुलांत क्वचितच असतो, म्हणून नुसत्या पहिल्या रेघेवर घाबरायचं नाही. पण न निवडता शिजवायचंही नाही. खडा असलाच, तर तो आधी कळलेला बरा."

मनकर्णाने सासऱ्याकडे पाहिलं. "मामाजी, मी मंगळवारी चालली."

अमरावतीच्या सगळ्या चाचण्या स्वच्छ निघाल्या. महादेवराव एसटीतून उतरले ते म्हणतच, "काही म्हना, महाराजाचा गुन आला!" सून म्हणाली, "मामाजी, मंग सरपंचाचा अंगठा हळदीवर अजून लाल कावून होते?"

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत बाया गोड बोलत आल्या. "आमाले मालूमच होतं व, तुही पोट्टी साजरी हाय. बसव आता आमच्या पोट्ट्याइजवळ."

मनकर्णा दारातच थांबली. आवाज चढवला नाही तिने. "आन् बिमारी निघाली असती, त? डॉक्टरीन बाईनं सांगतलं, जवळ बसल्यानं, संग जेवल्यानं हे लागत नाई. औषिद घेऊन पोट्टे शिकते, मोठे होते. तुमी माह्या पोरीले कोपऱ्यात बसवलं, ते कोन्या बिमारीनं?"

तिने आकांक्षाला मुलांच्या मधोमध बसवलं आणि म्हणाली, "उद्या तुमच्यातल्या कोनाच्या लेकराची रेघ आली, त घाबरू नका. तपासून घ्या. आन् ते खरी निघाली, तरी माही पोरगी त्याच्याच बाजूले बसन."