गच्चीचं दार

स्पृहा युनिव्हर्सिटीच्या जाहिरातीचा तो व्हिडिओ पाहायची हिरवळीसाठी, आणि तिची आई बकुळा पाहायची कठड्यासाठी.

युनिव्हर्सिटीच्या फाटकावरून, कारंज्यावरून उडत ड्रोन मुलींच्या हॉस्टेलपाशी यायचा आणि सरळ वर चढायचा. सातव्या मजल्यावरच्या गच्चीत चार मुली हात हलवत उभ्या. कठडा त्यांच्या कमरेलाही पुरत नव्हता. तिथे आलं की बकुळा व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा तोच कठडा बघायची.

"आई, कितीदा बघशील? पाठ झाला असेल तुला."

पाठ झालाच होता. पण लेक झोपेत चालते, हे त्या ड्रोनला कुठे ठाऊक? डिलाईल रोडच्या चाळीत मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणी एकदा स्पृहा झोपेतच कडी काढून गॅलरीत गेली, कठड्यावर एक पाय टाकला, आणि शेजारच्या शांताकाकूंनी तिला मागून कवेत धरलं म्हणून निभावलं. तेव्हापासून काकूंची वळकटी बकुळाच्या उंबऱ्याला आडवी पडायची. काकूंची झोप मांजरीची. पोरगी बारावी झाली तरी पाय अधूनमधून निघायचेच.

"चेडवाक खंय धाडतस गो?" काकूंनी फोनात डोकावून, पोरीकडे बोट दाखवत विचारलं होतं. "सगळी नुसती हसतत. झोपलेला एकपण दिसत नाय."

खरंच की. वेबसाइटवर बोटाने हॉस्टेलभर फिरता यायचं. बाण दाबत दाबत बकुळा मेसमधून, जिममधून पार सातव्या मजल्याच्या टोकाला गेली. तिथे एक लोखंडी दार होतं आणि पुढे बाणच नव्हता. कुलूप आहे का, म्हणून चित्र मोठं केलं तर नुसते ठिपके. आणि जिथे तिथे ऊन. त्या वेबसाइटवर रात्र होतच नव्हती.

रविवारी दुपारी युनिव्हर्सिटीचं पालकांसाठी लाइव्ह होतं. 'मोकळेपणाने विचारा', असं वर लिहिलेलं. स्पृहा न्हायला गेली होती. बकुळाने तिचा फोन घेतला आणि मोकळेपणाने विचारलं.

"स्पृहा विचारतेय," पडद्यावरच्या मॅडम वाचू लागल्या. फोन पोरीचा, तर नावही पोरीचंच जाणार, हे बकुळाच्या ध्यानातच आलं नव्हतं. "झोपेत चालणाऱ्या मुलींसाठी गच्चीला कुलूप असतं का? अगं, आमच्याकडे इतक्या ॲक्टिव्हिटीज असतात, मुली झोपतातच कुठे!"

खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. कुणीतरी लिहिलं, 'भूत ॲडमिशन घेतंय.'

स्पृहा दारात उभी होती, केसांतून पाणी गळत.

"काय केलंस हे? हेच सगळे माझ्या वर्गात असणारेत!"

"बाळा, मला वाटलं माझं नाव..."

"तुझं? माझ्या फोनवर?"

तिने फोन हिसकावला, प्रश्न पुसायला अंगठा नेला, आणि तो तसाच थांबला. खाली नवी ओळ आली होती.

'कुलूप तुटलंय. मी पण चालते. ओढणीने पाय पलंगाला बांधून झोपते. खालची खोली मागितली, देत नाहीत. तू नको येऊ.'

दोघींनी वाचलं. आणि ओळ गेली. कुणीतरी पुसली होती. मॅडम स्कॉलरशिपबद्दल सांगत होत्या.

"नाव काय होतं तिचं?"

"नव्हतं गं आई. नुसतं फुलाचं चित्र होतं." स्पृहाचा राग कुठल्या कुठे गेला होता. 'कोण आहेस? थांब ना,' तिने लिहिलं. 'चॅट बंद आहे,' उत्तर आलं. तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.

मग ती आईला येऊन बिलगली, ओल्या केसांनीच. "मी नाही जात तिथे."

हेच ऐकायला बकुळा आसुसली होती. पण आता ते ऐकूनही छातीवरचा धोंडा जागचा हलेना.

"तिच्या आईला माहीत असेल का गं?" स्पृहाने विचारलं.

बकुळाने वेबसाइटवरचा नंबर लावला. नवीन प्रवेशासाठी एक दाबा, फी भरण्यासाठी दोन. तिसरं काही नव्हतं. तिने एक दाबला. माणूस भेटायचा तर त्याच वाटेने.

"नमस्कार! कुठल्या कोर्ससाठी?" आवाज गोड होता.

"तुमच्या हॉस्टेलात एक मुलगी झोपेत चालते," बकुळा म्हणाली.

"नाव सांगा मॅडम."

बकुळाने स्पृहाचा हात घट्ट धरला. "नाव माहीत नाही हो. पण गच्चीचं कुलूप तुटलंय, आज रात्रीच्या आत तुम्ही तिला शोधा."

मग तोच गोड आवाज म्हणाला, "नावाशिवाय मदत करता येणार नाही, मॅडम."