बाळाबाईचे टाके

जन्मात अंड्याला हात न लावलेल्या कालिंदी सिस्टरनं त्या सकाळी रुमालात गुंडाळून एक अंडं दवाखान्यात आणलं. ऑपरेशनच्या कपड्यांच्या डब्यात, मधोमध ठेवलं आणि डबा वाफेच्या यंत्रात सारला.

यंत्र परदेशी. झाकणाचं रबरी कडं झिजलेलं, त्यामुळं वाफ बाहेर पडायची, कपड्यांच्या आतपर्यंत पोचायचीच नाही आणि दाबाचा काटा निम्म्यावरच अडायचा. नवं कडं मागवावं, तर सहासष्ट साली रुपयाची किंमत उतरवलेली, परकीय चलनाचा खडखडाट, आयात परवान्याचा अर्ज वर्षभर धूळ खात पडलेला. दिल्लीत रुपया पडला की कोल्हापुरात टाके पिकतात, हे त्या साहेबलोकांना कोण सांगणार? महिन्याभरात तिघांचे पिकले. गणपतराव तर त्यातच गेले.

आता पाळी होती पन्हाळ्याकडच्या बाळाबाईची. तिच्या पोटात गोळा होता. रोज वेणी घालून घेताना ती कालिंदीला घरच्या म्हशींच्या खोड्या सांगायची. ही चौथी होऊ नये, एवढंच कालिंदीला वाटत होतं.

तासाभरानं तिनं अंडं डॉक्टर त्र्यंबकरावांसमोर फोडलं. बलक बशीत ओघळला.

"जिथं अंडं उकडत नाही, तिथं जंतू कसले मरतायत, डॉक्टर?"

डॉक्टर खुर्चीत बसले. वाफ कमी पडली तर जास्त वेळ ठेवा, असं तेच सांगत आले होते. त्यांनी ऑपरेशन आठवडाभर पुढं ढकललं. त्याहून जास्त थांबण्यासारखा गोळा नव्हता.

कालिंदी ते कडं काढून घेऊन तडक उद्यमनगरात गेली. तिथं जोतीराम मिस्त्री ऑइल इंजिनांचे भाग बनवायचा. त्यानं झिजलेलं कडं उलटसुलट करून पाहिलं आणि उखडलाच.

"वरीसभर दिल्लीला कागद धाडत बसलासा. हितं मैलावर आमी हाय की. इचारलं का न्हाय?"

कालिंदीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच, कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पहिलं कडं वाफेनं वितळलं, दुसरं सैल पडलं. सहाव्या दिवशी तिसरं बसलं आणि काटा सरसर चढून जागेवर थांबला. कालिंदीनं सलग तीन वेळा अंडं ठेवून पाहिलं, तिन्ही वेळा टणक निघालं. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी गोळा काढला.

आठव्या दिवशी टाके काढायचे होते. पट्टी सोडताना कालिंदीनं आधी वास घेतला. मग कापूस उचलला. जखम कोरडी होती, कडा नीट मिळालेल्या. तिनं एकेक टाका कापला आणि शेवटच्याला तिला समोरचं दिसेना.

बाळाबाईनं मान वर करून पाहिलं.

"बाई, तुमी का रडतासा? टाकं तर माझं हाईत की."