दोर बांधायचा नाही

"दोर बांधायचा नाही, धरायचा," टाकीत उतरताना नवऱ्याने बजावलं.

"माहीत आहे हो. रोज काय तेच तेच?"

रोज तेच, कारण दोन वर्षांपूर्वी ब्रश आणायला जाताना त्याने दोर क्षणभर नळाला बांधला होता. आत थोरला भाऊ, दादा, टाकी घासत होता. आतल्याच्या कमरेच्या दोराला एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे वर ओढ. नळाला हिसके कसे कळणार? दादा आतच गुदमरून गेला. तेव्हापासून त्याने देवापुढे हात जोडले नाहीत. बायको मात्र त्याच्या वाटचेही जोडायची, आणि अंगाने काडी असून दोर धरायला तीच येऊ लागली.

भर दुपार होती. इमारतीच्या मागच्या अंगणात चिटपाखरू नव्हतं. आतला खराट्याचा आवाज थांबला, मग दोन हिसके आले. दुसरा अगदी मलूल.

तिने ओढलं. दोर तसूभर हलेना. हाका मारल्या, कोणी आलं नाही. तळहात सोलवटले, पाय घसरत टाकीच्या तोंडाशी आले.

"देवा, हा माणूस वर येईपर्यंत बळ दे. पुढचं पुढे," ती म्हणाली. रडू फुटलं, पण दोर सोडला नाही.

दोर हलका झाला. तिच्या मागून कोणीतरी ओढत होतं. मानेवर गार श्वास लागत होता, टाकीतल्या गाळाच्या वासाचा. ती भ्याली, पण वळून पाहिलं तर हात सुटतील म्हणून तिने पाहिलं नाही.

नवरा फरशीवर पालथा पडून बराच वेळ खोकला.

"तुझ्याबरोबर कोण होतं?"

"कोणी नाही."

"दोघांनी ओढलं. आधी जरा ढील, मग लांब ओढ. दादा ओढायचा तसं."

आता तिने मागे पाहिलं. घाईत ओढलेला दोर गुंता होऊन पडायला हवा होता. तो आठच्या आकड्यात नीट गुंडाळलेला होता. तशी गुंडाळी फक्त दादा करायचा.

"त्याचा राग नाही माझ्यावर?" नवऱ्याने गुंडाळीला हात लावत विचारलं.

"मी देवाकडे बळ मागितलं. त्याने कुणाच्या हाती पाठवलं ते मी कशाला विचारू? राग असता तर आले असते का दादा?"

दुसऱ्या दिवशी दुसरी टाकी होती. ती नेहमीसारखी भिंतीला टेकून दोर धरून उभी राहिली.

"जरा पुढे सरक," तो म्हणाला.

ती सरकली. मागे एका माणसापुरती जागा झाली. त्या जागेकडे बघत त्याने हात जोडले आणि तो आत उतरला.