पाइनखालची माती

रशियातल्या पेर्म शहरातल्या दुकानांतली माती चिकट. तिच्यात कुंडीतल्या व्हायोलेटच्या फुलझाडांची मुळं कुजायची. क्लावदियाला हवी होती पाइनच्या झाडाखाली गळलेल्या सुईसारख्या पानांखालची, भुसभुशीत. ती तिला मिळाली नवऱ्याच्या कबरीशेजारी.

"अगं, कब्रस्तानातलं काही घरात आणतात का?" शेजारीण झिनाईदा ओरडली.

"व्हायोलेट असलेल्या घरात नवरा टिकत नाही, असं म्हणत गेन्नादी जन्मभर टोमणे मारायचा. आता त्यालाच पोसू दे त्यांना!"

कीड मरावी म्हणून तिनं ती माती ओव्हनमध्ये भाजली, तर स्वयंपाकघरभर गेन्नादीच्या तंबाखूचा वास सुटला. तरी हट्टानं तिनं त्यात रोप लावलंच.

रोप तरारलं. पण बाकीची सगळी खिडकीकडे झुकलेली असताना हे एकटं उजेडाकडे पाठ करून गेन्नादीच्या रिकाम्या खुर्चीकडे वळलं. तिनं कुंडी फिरवून ठेवली. सकाळी पुन्हा तेच.

"माती होती तिथे टाकून ये बाई," झिनाईदानं दारातूनच बजावलं. आत यायला ती तयार नव्हती.

"मी का टाकू? मेल्यावरही माझ्या फुलांवर डोळा! बघतेच त्याच्याकडे."

दार लावून क्लावदियानं ती खुर्चीच ओढत खिडकीपाशी नेली. खुर्ची रिकामी होती, पण माणूस बसल्यासारखी जड लागली.