तुर्की टोचणी

यशवंतराव गुरुजींनी अक्रोड पाट्यावर उभा धरला आणि वरवंट्याचा एकच हलका ठोका दिला. कवच शिवणीवर बरोबर उकललं. आतला गर त्यांनी विहंगच्या तळहातावर ठेवला आणि रिकामी वाटी वर उचलून सगळ्यांना दाखवली.

"यात काय मावेल, सांगा."

"मूँगफली," विहंग तोंडात गर टाकत म्हणाला.

"चटणी," दुसरं कोणीतरी बोललं.

"देवीचा रोग मावायचा," गुरुजी म्हणाले, आणि गच्चीवर बसलेली सगळी पोरं पुढे सरकली.

नोकरी संपली तरी गजभिये गुरुजींची शिकवण्याची खोड गेली नव्हती. तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या गच्चीवर रविवारी सकाळी गल्लीतली हिंदी-मराठी मुलं जमत. फी नाही, परीक्षा नाही. सध्या तुर्कस्तान आणि युरोप चाललं होतं. तोफा झाल्या, ट्यूलिपची फुलं झाली, कॉफी झाली. युरोपातली राज्यं तुर्कांशी लढायची आणि त्यांच्याकडूनच कॉफी प्यायला शिकायची, हे ऐकून मुलं मागच्या रविवारी फार हसली होती.

"गुरुजी, तुर्की वही ना, जिसका सीरियल मम्मी देखती है?" विहंगनं विचारलं. "उसमें सब रोते ही रहते हैं."

"तेच. पण रडण्याआधी त्यांनी बरंच काही केलं. ऐक."

तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजानं सुलतानाच्या दरबारी आपला दूत पाठवला, त्याच्यासोबत त्याची बायको गेली. देवीच्या रोगानं तिचा भाऊ गेला होता. तिचा स्वतःचा चेहरा खराब झाला होता, पापण्यांचे केस झडले होते. तिथं तिनं पाहिलं, की उन्हाळा ओसरला की म्हाताऱ्या बाया घरोघर फिरतात. अक्रोडाच्या कवचात देवीच्या फोडातला पू असतो. सुईनं हातावर ओरखडा काढायचा आणि त्यात तो थोडासा भरायचा. पोराला थोडा ताप येतो, मग ते पुन्हा खेळायला लागतं, आणि मोठी देवी त्याच्या वाटेला जात नाही.

"छी!" एक पोरगी म्हणाली.

"तिच्या देशातले डॉक्टरही असंच म्हणाले. तुर्कांच्या अडाणी म्हाताऱ्यांचं आपण ऐकायचं? आपली पोरं मारायचा यांचा डाव असेल, असंही म्हणणारे निघाले. पण तिनं तिथंच आपल्या मुलाला टोचून घेतलं होतं."

"उसके पति ने हाँ बोल दिया?"

"तिनं विचारलंच नाही. तो छावणीत गेला होता. मागाहून कळवलं."

मुलं खदखदून हसली. पूर्णिमा हसली नाही. गुरुजींची ही नात एरवी सगळ्यांच्या पुढे बसायची, आज ती जिन्याच्या तोंडाशी बसली होती. आजोबांचं शेवटचं वाक्य ऐकून तिनं मान खाली घातली आणि मग जिन्यातून खाली, स्वयंपाकघराच्या दिशेनं पाहिलं.

गुरुजींनी कवच पाट्यावर ठेवलं. त्यांनीही जिन्याकडे पाहिलं.

त्या आठवड्यात घरात काहीतरी शिजत होतं, हे त्यांना कळत होतं. शाळेतून निरोप आला होता, मुलींना पुढं गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणून इंजेक्शन देणार, आईवडिलांची परवानगी हवी. मुलगा राकेश रेल्वेत, ड्युटीवर बिलासपूरला. निर्णय गुरुजींकडे आला.

"मले विचारशील तर नाही," ते सुनेला म्हणाले होते. "फुकट देऊन राहिले म्हणजे काहीतरी असते."

चेतना लगेच "बरं बाबा" म्हणाली. एवढ्या लवकर ती कधी ऐकत नसे. तिथूनच त्यांचा संशय सुरू झाला.

त्यांच्या नकाराला कारण होतं आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची धाकटी बहीण शांता एका मोफत शिबिरात ऑपरेशनला गेली होती. दुपारपर्यंत घरी येशील, असं तिला सांगितलं होतं. ती आली नाही. तेव्हापासून पांढरा कोट दिसला की गुरुजींचा आवाज चढायचा. साध्या तापालाही ते घरात कोणाला दवाखान्यात जाऊ देताना दहा प्रश्न विचारायचे.

मग ते एका लग्नाला नागपूरला जाऊन आले. परतल्यावर कचऱ्याच्या डब्यात त्यांना चिकटपट्टी लावलेला कापसाचा बोळा दिसला, त्यावर रक्ताचा ठिपका. काल कोपऱ्यावर ऑटोवाला भैय्यालाल भेटला.

"गुरुजी, सब ठीक है ना? बहूजी, बिटिया, सब ला अस्पताल छोड़े रहेंव."

"हव, ठीक," एवढंच ते म्हणाले. घरी मात्र कोणी दवाखान्याचं नाव काढलं नव्हतं. ते खोलीत शिरले की बोलणं थांबायचं. गोदावरी, त्यांची बायको, उगीचच कपड्यांच्या घड्या घालू लागायची.

आपण गावाला गेलो आणि यांनी पोरीला टोचून आणलं. आता संशयच उरला नाही, असं त्यांना वाटलं.

गोष्ट कशीबशी संपवून त्यांनी मुलांना सोडलं. पूर्णिमा सतरंजी गोळा करू लागली.

"पूर्णी, इकडं ये. बाही वर कर."

"क्यों, आबा?"

"कर म्हटलं ना."

तिनं उजवी बाही वर केली, मग डावी. खांद्यापर्यंत. दोन्ही हात कोरे होते, डाव्यावर फक्त मच्छर चावल्याची एक गांधी.

गुरुजींनी तिची बाही खाली केली. "मग तुम्ही दवाखान्यात काहून गेल्या होत्या?"

"आजी ने मना किया है बताने को."

"आजीनं?"

पूर्णिमानं सतरंजीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मुझे कुछ नहीं लगा, आबा. सुई आजी को लगी. उनका खून निकाला. और… अंदर से टुकड़ा निकालके जाँच को भेजा है. आजी को बहुत दिन से खून जाता था. इस उमर में नहीं जाना चाहिए ना."

खाली रस्त्यावर भंगारवाल्याची हाक गेली. गुरुजी गच्चीच्या कठड्याला टेकले.

"मले काहून नाही सांगितलं?"

"आजी बोली, तुम्हारे आबा को शांता आजी याद आएगी, वो जाने नहीं देंगे. मम्मी आपके जाने का ही रास्ता देख रही थी." मग ती हळूच म्हणाली, "मम्मी ने डॉक्टर मैडम से पूछा, मेरी बेटी को भी होगा क्या. मैडम बोलीं, इसी के लिए तो इंजेक्शन है."

गुरुजींनी मान हलवली.

जिना उतरायला त्यांना वेळ लागला. गोदावरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सुपात लाल भाजी घेऊन निवडत होती. चेतना ओट्यापाशी उभी होती. दोघींचं बोलणं त्यांची चाहूल लागताच थांबलं.

"गेली का पोट्टी सगळी?" गोदावरीनं वर न बघता विचारलं.

ते तिच्यासमोर खाली बसले. जमिनीवर बसायचं त्यांनी कधीचं सोडलं होतं. एक जुडी ओढून त्यांनी पानं खुडायला सुरुवात केली.

"आवं बाप्पा, तुम्ही काहून? देठं नका टाकू, कवळी आहेत ती."

त्यांनी टाकलेली देठं पुन्हा उचलली. गोदावरीचा हात त्यांना जवळून दिसला. कोपराच्या खळगीत हिरवा-पिवळा डाग होता, विरत आलेला. या आठवड्यात तिनं ताट वाढलं होतं, पाणी दिलं होतं, याच हातानं.

"चेतना," ते म्हणाले, "पूर्णीच्या शाळेत हो म्हणून कळव."

चेतनानं फोन हातात घेतला. पण तिनं आधी सासूकडे पाहिलं.

गोदावरीचे हात थांबले होते.

"पोरीनं सांगितलं वाटते."

"तिले रागावू नको. मीच विचारलं." त्यांनी एक पान उलटसुलट करून पाहिलं. "रिपोर्ट कधी येते?"

"येईन तो."

"मी येतो सोबत."

"तुम्ही डॉक्टरीणबाईसोबत भांडसान."

"नाही भांडत."

"ऑपरेशन म्हटलं तर मले घरी घेऊन येसान."

त्यांनी हातातलं पान सुपात टाकलं. गोदावरीनं मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं. आठवडाभर त्यांनी घरातल्या प्रत्येकाकडे जसं पाहिलं होतं, तसंच. डोळे बारीक करून, शब्द खरा की खोटा हे पारखत. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं असं बघितल्याचं त्यांना आठवेना.

"नाही आणत," ते म्हणाले.

मग भाजीचं सूप तिनं दोघांच्या मधोमध सरकवलं.

"शाळेत कळव तू," ती सुनेला म्हणाली. "दवाखान्यात जायचा दिवस यांले मी सांगीन नंतर."