खळ्यातला बावटा

“कुणाचा का असंना, पडलेला दिसला तर उभा करायचा,” चंदर म्हणाला आणि गुडघ्यांवर बसून झेंड्याच्या काठीच्या बुडाशी दगड ठोकू लागला.

“करा उभा. पन कडेनं जा आधी, जवळा तुडवाल माजा!” सगुणा ओरडली.

‘कडेनं चला’ हे सगुणाचं जन्माचं पालुपद. खळं म्हणजे मासळी सुकवायची सारवलेली मोकळी जागा, आणि सगुणाच्या खळ्याच्या मधून चालायची टाप खुद्द नवऱ्याची, चंदरचीही नव्हती. देवळात एकवेळ चपला घालून गेलात तर ती माफ करील, पण सारवणावर पाय उमटला की खैर नाही.

नाहूर स्टेशनच्या पूर्वेला, हायवे ओलांडून खाडीकडे गेलं की ही कोळ्यांची वस्ती लागते. पूर्वी घरटी एक खळं होतं. आता कुणाच्या खळ्यात गाड्या उभ्या राहतात, कुणाच्या खळ्यावर भाड्याच्या खोल्या झाल्या आहेत, एकावर मंडळाचा गणपती बसतो. उरलं होतं ते एकट्या सगुणाचं. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिच्या हातात आधी शेणाची पाटी दिली आणि मग चहाचा कप. तेव्हापासून ती भांडुपच्या तबेल्यातून शेण आणून खळं सारवत आली. प्लास्टिकवर वाळवलेला जवळा आणि सारवणावर वाळवलेला जवळा यांतला फरक मुलुंडच्या बाजारातलं तिचं गिऱ्हाईक नुसत्या वासावर सांगायचं. समोरच्या उंच इमारतीतल्या लोकांना मात्र तो वास सोसत नसे. ते खिडक्या लावून घेत आणि एसी चालू करत. त्या एसींना वीज पुरत नव्हती, हे सगुणाला कुठून कळणार?

दिवाळी होऊन गेल्यावर दोन तरुण तिपाईवरचं यंत्र घेऊन आले होते. चंदर खाडीत होता. सगुणानं हटकलं तर म्हणाले, “काकी, खुणेसाठी आहे.” तिच्याकडे पाणी प्याले आणि बांबूला बांधलेला लाल-पांढरा झेंडा खळ्याच्या ऐन मध्यावर रोवून गेले. ‘खूण’ म्हटल्यावर तिनं पुढे काही विचारलं नाही. घोटाळा झाला तो इथेच, आणि असला घोटाळा करायला कोळ्याच्याच पोटी जन्माला यावं लागतं.

खाडीत जाळं लावलं की काठीला चिंधी बांधून रोवतात. तो त्या माणसाचा बावटा. एकाच्या बावट्याला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. वाऱ्यानं, भरतीनं आडवा झालेला दिसला तर मात्र होडी थांबवून तो उभा करायचा आणि आपल्या वाटेनं जायचं. वैऱ्याचा असला तरी. चंदर तरुणपणी काविळीनं अंथरुणाला खिळला होता. अख्खा हंगाम गेला. बरा होऊन खाडीत उतरला तेव्हा त्याची जागा तशीच रिकामी होती आणि त्याची काठी ताठ उभी होती. कुणीतरी ती सारखी उभी करत होतं. कोण, ते त्याला कधीच कळलं नाही. विचारायची पद्धत नाही.

म्हणून खळ्यातला तो झेंडा चंदरनं सांभाळला. पोरांनी त्याचा स्टंप केला तेव्हा पोरांना पिटाळलं. बकरी अंग घासून गेली तेव्हा परत उभा केला. शेवटी वैतागून त्यानं खड्डा खोल केला, बुडाशी दगड ठेचून बसवले आणि वर माती दाबली. सगुणानंही कुरकुरत का होईना, काठीभोवती गोल हात फिरवून नीट सारवलं. ज्याची खूण तो येईल आणि घेऊन जाईल, एवढाच दोघांचा हिशेब.

मधूनमधून नितेश नावाचा एक मुलगा मोटरसायकलवरून येई आणि झेंड्याचा फोटो काढून नेई. राहायला नाहूरलाच, मूळचा कोकणातला. वागायला गोड. सगुणा त्याला चहा देई.

“काका, झकास ठेवलाय हां झेंडा! असं कुठंच बघितलं नाय मी,” तो म्हणे.

“आपल्याकं पद्धतच हाय तशी,” चंदर म्हणे आणि खुशीत मिशीवरून हात फिरवी.

मग एका रविवारी देवळाच्या सभामंडपात नितेशच्या वीज कंपनीनं सभा लावली. पडदा लावला होता, खुर्च्या होत्या, आलेल्या प्रत्येकाला वेफर्सचं पाकीट होतं. चंदरला खास निरोप होता, म्हणून तो मुलाच्या, कृणालच्या लग्नातला पांढरा सदरा घालून गेला. पुढच्या खुर्चीवर बसवलं त्याला. सगुणा मागे बायकांत बसली.

मोठे साहेब बोलले. मुंबईची विजेची मागणी वाढली आहे, खाडीच्या कडेनं नवीन उच्चदाब वाहिनी जाणार आहे, सगळ्यांचं भलं होणार आहे. माणसं वेफर्स खात होती. मग नितेशनं हसतमुखानं चंदरचं नाव पुकारलं. साहेबांनी त्याच्या खांद्यांवर शाल घातली, हातात नारळ दिला. “प्रकल्पाच्या कामात सुरुवातीपासून सहकार्य केल्याबद्दल,” नितेश माइकवरून म्हणाला.

चंदरचा सत्कार असा कधी कुणी केलाच नव्हता. जमातीच्या सभेत त्याला बोलायलाही कुणी उठवत नसे. नारळ छातीशी धरून तो लहान मुलासारखा हसला, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत सगुणाही होती.

मग पडद्यावर त्यांच्या खळ्याचा फोटो आला. मधोमध झेंडा, भोवती सगुणाच्या हाताचं गोल सारवण. पुढच्या चित्रात तोच झेंडा नकाशावरचा ठिपका झाला होता, आणि ठिपक्याठिपक्यांतून एक जाड लाल रेघ गेली होती.

टाळ्या थांबल्या त्या आधी बायकांत. सगुणा उभी राहिली.

“बाला, ती रेघ माज्या खळ्यावरनं कशाला गेली?”

नितेश गोंधळला. “काकी, तिथंच टॉवरचा पाया येणार ना. म्हणून तर झेंडा होता.”

“कवा ठरलं ता?” जमातीचा पुढारी शिवदास मागून गरजला. “आमाला कुनी इचारलं?”

“पेपरात नोटीस होती काका. हरकती घ्यायला मुदत दिली होती, ती संपली.” नितेशचा आवाज खाली आला. “टेकडीकडच्या चाळीवाल्यांनी झेंडे उपटून फेकले, ऑफिसवर आले, जाम राडा केला. झेंडे दोन्ही वाटांवर लावलेले, मग तिकडची रेघ सोडून इकडची धरली. इकडून कोण काय बोललंच नाय. मी साहेबांना फोटो दाखवत होतो. चंदरकाका तर स्वतः जपतायत, म्हटलं.”

ज्यांनी उपटले त्यांचं वाचलं आणि ज्यांनी जपलं त्यांचं गेलं. जगाची रीत हीच असेल तर ती चंदरला या वयात कुणी शिकवायची? तो तसाच उभा होता, शाल अंगावर, नारळ छातीशी. सगळी वस्ती त्याच्याकडे बघत होती. झेंड्यावरून रोज जाणारे-येणारे तेच होते, एकानंही हात लावला नव्हता, सगळ्यांची पद्धत एकच. पण शाल एकट्याच्या खांद्यावर होती.

“कितीला इकलंस रे?” शिवदास म्हणाला.

चंदरनं मागे बायकांकडे पाहिलं. सगुणा मंडपातून निघून गेली होती.

खळ्याचा कागद कुणाच्याच नावावर नव्हता. पिढ्यानपिढ्या वापर, बस्स. त्यामुळे भरपाईचा प्रश्नच नव्हता. तीही नितेशनंच घरी येऊन सांगितलेली गोष्ट. तो दारातच उभा राहिला. “काका, आईशप्पथ, मला वाटलं तुम्हाला सगळं माहितीये,” म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. चंदरला त्याचा राग धरता येईना. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. सगुणानं त्या दिवशी त्याला चहा विचारला नाही.

अंधेरीहून कृणालचा फोन आला. “बाबा, फेकायचा ना यार उपटून! कोण सांभाळतं असलं?”

“पडलेला बावटा...” चंदर म्हणाला आणि थांबला. पोराला हे कधी सांगितलंच नव्हतं. तो खाडीत उतरलाच नव्हता कधी.

सगुणा नवऱ्याशी बोलेनाशी झाली. जेवायला वाढायची, ताट सरकवायची, गप्प. भांडली असती तर चंदरनं दोन शिव्या दिल्या असत्या, दोन खाल्ल्या असत्या. भांडण हा तर त्यांच्या संसारातला रोजचा रतीब. पण ही गप्प सगुणा त्याच्या ओळखीची नव्हती. ज्या बाईनं जन्मभर एवढीशी जागा मागितली, तीही त्यानं स्वतःच्या हातांनी दगड ठोकून दुसऱ्याला दिली, हे त्याला घासाघासाला आठवत होतं.

एका सकाळी ओहोटी लागली तरी तो खाडीवर गेला नाही. खळ्यात गेला. सारवणावरून मधून, थेट. झेंड्यापाशी उभा राहिला. दुसऱ्याची खूण त्यानं जन्मात उपटली नव्हती. हात पुढे गेला, मागे आला. मग त्यानं डोळे मिटले आणि काठी धरून ओढली.

काठी हलली नाही.

त्यानं पाय रोवून ओढली. गदागदा हलवली. बुडाशी त्यानंच ठेचलेले दगड होते, त्यानंच दाबलेली माती होती. बांबू जरासा वाकला आणि परत सरळ झाला. चंदर धापा टाकत तिथेच बसला. ही काठी निघाली असती तरी नकाशावरची रेघ निघणार नव्हती, हे त्यालाही कळत होतं. पण हातांना काहीतरी करायला हवं होतं.

सगुणा शेणाची पाटी घेऊन आली. त्याची उमटलेली पावलं तिनं पाहिली. आज ती ओरडली नाही. पाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी काठी धरली.

“लावा हात,” ती म्हणाली.

दोघांनी ओढली. म्हातारी हाडं, किती जोर लावणार? काठी तशीच.

“लय घट्ट बसवलात,” सगुणा म्हणाली. “तुमचा काम कवा कच्चा नसतोच.” आणि इतक्या दिवसांचं तिचं रडं एकदम बाहेर आलं. काठीला कपाळ टेकून ती हमसून हमसून रडली. चंदरनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

रडून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं, पाण्यात शेण कालवलं आणि सारवायला बसली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कड न कड. चंदरची पावलं पुसली गेली. झेंड्याभोवती तिचा हात नेहमीसारखाच गोल फिरला.

“आता कशाला सारवतंस?” चंदरनं विचारलं.

“जागा उघडी-बोडकी देऊ काय?” ती म्हणाली.

होळीनंतर पत्रे ठोकून कुंपण झालं आणि खोदायचं यंत्र आलं. यंत्रानं झेंडा एका झटक्यात बाहेर फेकला. संध्याकाळी चंदर होडी लावून परतत होता तेव्हा तो तिवरांच्या कडेला चिखलात आडवा पडलेला दिसला. चंदर तसाच पुढे गेला. दहा-वीस पावलं गेला असेल, थांबला, मागे फिरला. झेंडा उचलून त्यानं खाडीच्या पाण्यात धुतला आणि कुंपणाच्या फाटकाशी नेला.

“तुमारा है,” तो पहारेकऱ्याला म्हणाला.

“फेंक दो चाचा. इसका काम हो गया.”

चंदर थोडा वेळ काठी हातात धरून उभा राहिला. फेकवेना त्याला. पत्र्याला टेकवून त्यानं ती ताठ उभी केली आणि तो घराकडे वळला.

दारासमोरच्या गल्लीत सगुणा उकिडवी बसली होती. पुढ्यात सत्काराची ती शाल पसरलेली, चारी कोपऱ्यांवर दगड, आणि तिच्यावर ओंजळ-दोन ओंजळ जवळा. हातानं ती तो पातळ पसरत होती.

चंदरची चाहूल लागली तरी तिनं मान वर केली नाही.

“कडेनं चला,” ती म्हणाली.

चंदरनं पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि भिंतीला अंग घासत तो कडेनं घरात गेला.